प्रौढांच्या जलतरण स्पर्धा : भिलाईसारख्या शहरांपुढील संधी

शालेय आणि महाविद्यालयीन वयात जलतरण स्पर्धा गाजवणारे अनेक खेळाडू नोकरी लागताच पाण्याबाहेर पडतात. रेल्वे, सेनादले किंवा पोलीस दलाच्या संघात ज्यांना स्थान मिळते, त्यांनाच पुढे स्पर्धात्मक पोहणे शक्य होते, अशी आपल्याकडे दीर्घकाळ स्थिती होती. पंचवीस वर्षे व त्यावरील सर्वांसाठी असलेल्या ‘मास्टर्स’ स्पर्धांनी हे दार इतरांसाठीही उघडले आहे. मात्र छत्तीसगडमधील भिलाईसारख्या औद्योगिक शहरांत या स्पर्धा रुजायच्या असतील, तर पदकांच्या आधी स्पर्धकांची संख्या वाढणे आवश्यक आहे.

अमेरिकेत सुरुवात

मास्टर्स जलतरणाची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९७० च्या मे महिन्यात अमेरिकेतील टेक्सास राज्यात अमारिलो येथे झाली. अमेरिकी नौदलातील डॉक्टर रॅन्सम आर्थर यांचा त्यात पुढाकार होता. स्पर्धेचे उद्दिष्ट समोर असल्यास प्रौढ व्यक्ती नियमित व्यायाम करतील, अशी त्यामागची भूमिका होती. पहिली जागतिक मास्टर्स स्पर्धा १९८६ मध्ये टोकियो येथे झाली. २०१५ मध्ये रशियातील कझान येथे ती प्रथमच मुख्य जागतिक अजिंक्यपद स्पर्धेला जोडून घेण्यात आली.

भारतात भारतीय जलतरण महासंघाच्या वतीने राष्ट्रीय मास्टर्स स्पर्धा घेतली जाते. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये ती मंगळुरू येथे पार पडली.

नियम काय सांगतात?

या स्पर्धांत २५ ते २९, ३० ते ३४ असे पाच-पाच वर्षांचे वयोगट असतात. जागतिक संघटनेच्या नियमांनुसार स्पर्धेच्या वर्षातील ३१ डिसेंबर रोजी जे वय असेल, ते ग्राह्य धरले जाते. त्यामुळे ६२ वर्षांच्या जलतरणपटूची तुलना तिशीतल्या तरुणाशी होत नाही. उंच ठोकळ्यावरून सूर मारणे ज्यांना कठीण जाते, त्यांना तलावाच्या काठावरून अथवा पाण्यातूनच सुरुवात करण्याची मुभा आहे. बटरफ्लाय प्रकारात ब्रेस्टस्ट्रोकप्रमाणे पाय मारण्याचीही सवलत आहे.

रिले शर्यतीचा नियम विशेष लक्षणीय आहे. त्यात चौघांच्या वयांची बेरीज केली जाते. २८, ३५, ४७ आणि ५२ वर्षांचे चार सदस्य एकत्र आल्यास बेरीज १६२ होते आणि तो संघ १६० ते १९९ या गटात उतरतो. एकाच क्लबातील तरुण आणि ज्येष्ठ यांना परस्परांची गरज भासावी, अशी ही रचना आहे.

एकट्याचे सुवर्णपदक

वयोगट अनेक, शर्यतीचे प्रकार अनेक आणि त्यात स्त्री-पुरुष असे स्वतंत्र विभाग. परिणामी लहान जिल्ह्यातील स्पर्धेत एखाद्या गटात एकच नाव येऊ शकते. अशा वेळी शर्यत पूर्ण करताच सुवर्णपदक निश्चित होते. चुरस मात्र उरत नाही. कोणालाही एकट्याने पोहावे लागू नये, यासाठी वेगवेगळ्या वयोगटांना एकाच फेरीत उतरवण्याची तरतूद नियमांत आहे. निकाल स्वतंत्र लागले, तरी शेजारच्या लेनमध्ये कोणीतरी असते. परंतु खरी स्पर्धा हवी असेल, तर जिल्ह्याच्या सीमा ओलांडून विभागीय पातळीवर एकत्र येण्यावाचून गत्यंतर नाही.

या दृष्टीने भिलाईचे स्थान अनुकूल आहे. सोव्हिएत संघाशी १९५५ मध्ये झालेल्या करारानंतर येथे पोलाद कारखाना उभा राहिला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी तत्कालीन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. कारखान्याबरोबर वसाहत आली आणि वसाहतीबरोबर शाळा, रुग्णालये व क्रीडासुविधाही आल्या. देशाच्या नाना भागांतून आलेली कुटुंबे येथे स्थायिक झाली. त्यांत मराठी भाषकही आहेत. दुर्ग आणि रायपूर शेजारीच असून मुंबई–हावडा लोहमार्गाने नागपूरही काही तासांच्या अंतरावर आहे. छत्तीसगड आणि विदर्भ यांनी एकत्रित स्पर्धा भरवल्यास दोन्हीकडील विरळ वयोगट भरून निघू शकतात.

महाराष्ट्रातही असे उदाहरण आहे. मालवणच्या चिवला किनाऱ्यावर होणाऱ्या राज्यस्तरीय सागरी जलतरण स्पर्धेत लहान मुलांपासून ज्येष्ठांपर्यंत वेगवेगळ्या गटांना स्थान असते. कुटुंबातील दोन पिढ्या एकाच दिवशी स्पर्धेत उतरू शकत असल्याने सहभागास आपोआप चालना मिळते.

पाण्याची वेळ मिळणे महत्त्वाचे

पाळीत काम करणाऱ्या कामगाराला पहाटेची एकच ठरावीक वेळ सोयीची नसते. उन्हाळी शिबिरांत तलाव मुलांनी भरून जातो. थंडीत तो बंद असल्यास वर्षभराचा सराव खंडित होतो. महिलांसाठी स्वतंत्र वेळ आणि महिला प्रशिक्षक नसल्यास त्यांची नोंदणी कमीच राहते. आठवड्यातून काही तास दोन लेन प्रौढांच्या सरावासाठी राखून ठेवणे, हा यावर कमी खर्चाचा उपाय ठरू शकतो.

यात केवळ खेळाचा प्रश्न नाही. देशात दरवर्षी तीस हजारांहून अधिक व्यक्ती बुडून मृत्युमुखी पडत असल्याचे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची आकडेवारी सांगते. पोहणारे पालक मुलांनाही पाण्याकडे नेतात आणि शिकवतात. शिवाय पाण्यात शरीराचा भार हलका होत असल्याने गुडघेदुखीमुळे धावू न शकणाऱ्यांनाही हा व्यायाम झेपतो. मात्र चाळिशीनंतर स्पर्धेत उतरण्यापूर्वी हृदय आणि रक्तदाब यांची वैद्यकीय तपासणी करून घेणे हिताचे असते.

जपानच्या मिएको नागाओका यांनी वयाच्या ऐंशीच्या सुमारास जलतरणास प्रारंभ केला आणि २०१५ मध्ये, शंभराव्या वर्षी, १५०० मीटर अंतर पोहून पूर्ण केले. असे विक्रम विरळाच घडतात. परंतु पंचेचाळिसाव्या वर्षी पुन्हा पाण्यात उतरू इच्छिणाऱ्यास शहरातच तलाव, सोयीची वेळ आणि शेजारच्या लेनमध्ये एखादा समवयस्क प्रतिस्पर्धी मिळवून देणे, हे कोणत्याही जिल्हा संघटनेच्या आवाक्यातील काम आहे.