तीन जोड्या आणि दोन कान

आमच्या घरी तंबोरा लावण्याचा एक जुना परिपाठ आहे. दिवा मालवायचा, खिडकी लोटायची, आणि मग खुंटीला हात घालायचा. वडील बडोद्याच्या दरबारी कलावंत कारखान्यात उमेदवार तबलजी म्हणून लागले, तेव्हा संस्थानाचे अखेरचे दिवस होते. १९४९ साली संस्थान विलीन झाले आणि त्यांची चाकरीही संपली. मी त्यांचे उतारवयातले अपत्य. त्यामुळे दरबार मी पाहिला नाही, पण दरबारातला कान पाहिला. तबला मिळवताना ते गजऱ्यावर हातोडी मारून आधी एक कान पुढे करीत, मग मान फिरवून दुसरा. "एका कानाने ऐकले ते अर्धेच ऐकले," असे ते म्हणत. लहानपणी मला ती लकब वाटे. तिचा खरा अर्थ कळायला मला पंचेचाळिशी गाठावी लागली, आणि तोही कळला तो कानात घालावयाच्या तीन परदेशी यंत्रांपायी. त्याचीच ही हकीगत.

गेल्या दिवाळीत माझा एक जुना शिष्य मुंबईहून दांडिया बाजारातल्या आमच्या घरी आला. तो आता मैफलींतून गातो. फराळ झाल्यावर त्याने पिशवीतून तीन लहान डब्या काढून गादीवर मांडल्या. "गुरुजी, यातली एक जोडी घ्यायची आहे. मित्रांकडून उसन्या आणल्या आहेत. रियाजाला आणि मैफलीला कोणती चांगली, ते तुम्ही ऐकून सांगा."

हे यंत्र आले कोठून

इंग्रजीत यांस 'इन-इअर मॉनिटर' म्हणतात. रंगमंचावरील कलावंतास स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून पूर्वी त्याच्या पायाशी ध्वनिवर्धक ठेवीत. त्या साऱ्या कल्लोळात गायकाला आपला सूर शोधावा लागे. १९९५ साली अमेरिकेत जेरी हार्वे या ध्वनितंत्रज्ञाने अॅलेक्स व्हॅन हेलन या ड्रमवादकासाठी कानाच्या आत बसणारी जोडी तयार केली आणि त्यातून पुढे एक मोठा धंदाच उभा राहिला. आज हीच यंत्रे नुसते गाणे ऐकणारे शौकीनही घेतात, आणि त्यांच्या किमती ऐकून आपल्यासारख्यांची छाती दडपते.

आमच्यासमोरच्या तिन्ही जोड्या तीन स्वभावांच्या होत्या. पहिली एटिमोटिक कंपनीची ईआर-४ एसआर. हिचे मूळ रूप १९९१ सालचे, हे रूप २०१६ चे. किंमत तेव्हा ३४९ डॉलर. दुसरी शूअरची एसई-८४६, २०१३ सालची, ९९९ डॉलरची. तिसरी जर्मनीतील झेनहायझरची आयई-९००, २०२१ सालची, १२९९ डॉलरची. रुपयांचा हिशेब वाचकांनीच करावा. शिष्याने किमती मला शेवटी सांगितल्या, हे त्याने चांगले केले.

आतली रचनाही निरनिराळी. झेनहायझरच्या पोटात सात मिलिमीटरचा एकच पडदा असतो. चुंबकापुढचे तारेचे वेटोळे त्यास हलवते, म्हणजे जणू एक चिमुकला डग्गाच. पहिल्या दोन कंपन्यांची रीत वेगळी. तेथे तारेच्या वेटोळ्यातून वीज वाहिली की चुंबकांमध्ये धरलेली एक लोखंडी जिभली थरथरते आणि तो कंप बारीक काडीवाटे पडद्याला पोचतो. पेटीच्या रीडची ज्यांस ओळख आहे त्यांनी जिभलीची कल्पना करावी, फक्त तिला हलवणारी हवा नसून वीज आहे. एटिमोटिकमध्ये प्रत्येक कानास अशी एक जिभली, शूअरमध्ये चार. ही जिभलीची युक्ती मुळात बहिऱ्यांच्या श्रवणयंत्रांत वाढलेली आहे, आणि एटिमोटिकचे संस्थापक मीड किलियन हे स्वतः श्रवणयंत्रांच्याच क्षेत्रातले संशोधक. हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढे त्याचा संबंध येणार आहे.

मोठे ते गोड

पहिल्या संध्याकाळी आम्ही आवाज अंदाजाने जुळवून तिन्ही जोड्या ऐकल्या. मी तत्काळ निकाल दिला: शूअर सर्वांत उत्तम, बाकीच्या फिक्या. शिष्य हसला. दुसऱ्या दिवशी त्याने एक लहानशी नळी आणि तिच्या टोकाला बसवलेला मायक्रोफोन आणला. प्रत्येक जोडी नळीत घालून एकच स्वर वाजवला आणि मोजले, तेव्हा माझी लाडकी जोडी बाकीच्यांहून सुमारे तीन डेसिबेलने मोठी वाजत होती! या जोडीस वीज फार थोडी लागते, त्यामुळे तेवढ्याच हुकुमावर ती मोठ्याने बोलते. कानाची गंमत अशी, की किंचित मोठा आवाज त्याला 'मोठा' वाटत नाही, 'गोड' वाटतो, 'भरदार' वाटतो. दुकानात उभ्याने यंत्र पारखणाऱ्या किती जणांची अशी फसगत होत असेल!

दुसरी अडचण बसवण्याची. आपल्या कानाची नळी सुमारे अडीच सेंटिमीटर लांब. मोकळ्या कानात ती सुमारे तीन हजार हर्ट्झच्या आसपासचे ध्वनी आपोआप उचलून धरते. तेथे बोळा बसला की नैसर्गिक घुमारा बदलतो. म्हणून कारागिराला तो यंत्रातच भरून काढावा लागतो. बोळा सैल बसला तर खर्ज निसटतो, आणि माणूस यंत्राला नावे ठेवतो. एटिमोटिकचा तीन टोप्यांचा बोळा तर ओला करून इतका खोल घालावा लागतो, की प्रथम जीव घाबरतो. पण एकदा बसला की रस्त्यावरची रिक्षा नाहीशी होते.

मग आम्ही नीट बसवून, आवाज मोजून जुळवून, पुन्हा ऐकावयास बसलो.

तीन ध्वनिमुद्रणे, तीन निकाल

आरंभ अर्थातच फैयाझखाँसाहेबांपासून. १९५० साली याच शहरात त्यांनी देह ठेवला. त्यांच्या जयजयवंतीच्या जुन्या तबकडीखेरीज बडोद्यात कानाची परीक्षा कशी व्हायची? शूअरमध्ये तो धीरगंभीर आवाज छातीतून आल्यासारखा आला. एटिमोटिकमध्ये आवाज थोडा कृश झाला, पण बोलांचा उच्चार दातांपर्यंत ऐकू आला. झेनहायझरमध्ये आवाजाचे वजनही होते आणि त्याच्या भोवतालची मोकळीकही. मात्र तबकडीची खरखरही तितक्याच इमानाने पुढे आली. जुन्या तबकड्यांत फार वरचे ध्वनी मुळी उतरलेलेच नाहीत. तेथे आहे ती केवळ सुईची खरखर. तेव्हा जे यंत्र वरपर्यंत स्वच्छ पाहते, ते जुन्या गाण्यात आपल्याला धूळच अधिक दाखवणार. ज्यांची आवड केवळ जुन्या तबकड्यांची आहे, त्यांनी हे ऐकून मगच खिसा उघडावा.

नंतर वडिलांच्या तबल्याची घरगुती कॅसेट. येथे शूअरची सरशी झाली. डग्ग्यावर मनगट सरकले की जी घसीट उठते ती पोटात जाणवली. एटिमोटिकमध्ये चाटेचा बोल काचेसारखा लखलखीत, पण डग्गा पातळ. झेनहायझर दोहोंच्या मध्ये, डग्ग्याकडे झुकलेला.

शेवटी आमचा मिरजेचा तंबोरा, शिष्यानेच आमच्या खोलीत एका मायक्रोफोनने मुद्रित केलेला. षड्ज काळी एकचा, म्हणजे सुमारे १३९ हर्ट्झ. खर्जाची तार त्याच्या निम्मी, ६९ च्या आसपास. चांगल्या लागलेल्या खर्जातून आपोआप गंधार उमटतो, हे आपल्या घरांतील मुलांनाही ठाऊक असते. त्या तारेच्या कंपाची पाचपट केली की ३४६ च्या सुमारास तार सप्तकातला गंधार येतो. तोच हा स्वयंभू गंधार. तो एटिमोटिकमध्ये सर्वांत स्पष्ट, सुटा आणि स्थिर ऐकू आला. सर्वांत स्वस्त जोडीत! सूर शिकणाऱ्याने कोणती जोडी घ्यावी, याचा माझ्यापुरता निकाल तेथेच लागला. तबलजीने शूअर घ्यावी. सर्व काही हवे आणि पैशाची ददात नाही, त्याने झेनहायझर घ्यावी. पण चौपट पैसे मोजून चौपट संगीत मिळते, असे मात्र कोणी समजू नये.

उजवीकडे झुकलेली जवारी

एथवर सर्व ठीक चालले होते. तंबोरा ऐकता ऐकता मी म्हणालो, "या एटिमोटिकची डावी बाजू मंद आहे रे. गंधार मधोमध येतो, पण जवारीची झळाळी सगळी उजवीकडे झुकते." त्याने दोन्ही बोळे काढून पुसले आणि अदलाबदल करून दिले: डावीकडचा उजवीकडे, उजवीकडचा डावीकडे. जवारी उजवीकडेच राहिली. दुसरी जोडी घातली, उजवीकडेच. तिसरी घातली, तरी उजवीकडेच. मुद्रण तर एकाच मायक्रोफोनचे. दोन्ही कानांना अगदी एकच पोचत होते.

खोलीत काही वेळ कोणी बोलले नाही. दारात सौ. उभी होती. ती एवढेच म्हणाली, "अहो, डावीकडून हाक मारली की तुम्ही ओ देत नाही, हे मी केव्हापासून सांगते आहे."

पुढच्या आठवड्यात कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. निवांत कोठडीत बसवून त्यांनी एकेक स्वर ऐकवला आणि आलेख काढला. उजवा कान वयाच्या मानाने बरा. डाव्या कानाची रेघ तीन हजारांनंतर खाली उतरते, चार हजार हर्ट्झला एक खड्डा पडतो आणि पुन्हा जरा वर येते. बाईंनी विचारले, "डाव्या बाजूला मोठा आवाज कोठे असतो?" मला क्षणभरही आठवावे लागले नाही. मी अठरा नवरात्री गरब्याच्या मंचावर पेटी धरली आहे, आणि माझी बैठक नेहमी एकाच बाजूस. ध्वनिवर्धकांची उतरंड माझ्या डाव्या हाताला, दोन हातांवर. गरबा संपला की रात्रभर कानात शीळ वाजे. सकाळी ती जाई आणि मी ते विसरून जाई. एकाच कानाला दोष असला की दुसरी कारणेही तपासावी लागतात. ती बाईंनी तपासून घेतली. दुसरे कारण निघाले नाही. कानाच्या आतल्या ज्या सूक्ष्म केसाळ पेशी मोठ्या आवाजाने मरतात, त्या माणसात पुन्हा उगवत नाहीत.

वाचक विचारतील, गाणे शिकवणाऱ्याला हे इतकी वर्षे कळले कसे नाही? कारण सूर तेथे राहत नाही. पुरुषाचा तार षड्ज २७७ च्या आसपास, स्त्रियांचे तार सप्तकही साधारण हजाराच्या आत. सुरेल काय आणि बेसूर काय, हे मला आजही पूर्वीसारखेच कळते. पण जवारीची झळाळी, चाटेची धार, 'स' आणि 'श' यांतला फरक, यांचा मोठा भाग त्या वरच्या मजल्यावर असतो. कान हळूहळू तेथले दिवे मालवीत गेला आणि मला वाटे, यंदा तारा चांगल्या आल्या नाहीत, दोरा नीट बसला नाही. गेली काही वर्षे माझे विद्यार्थी म्हणत, "गुरुजी, जवारी फार उघडी लागली आहे, कर्कश वाटते." मी त्यांना रागावलो आहे. "तुमचे कान अजून तयार नाहीत," असेही बोललो आहे. आज त्याची लाज वाटते, म्हणून ते येथे लिहून टाकतो.

थोडे हिशेबाचे

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली कानातल्या यंत्रांसाठी मर्यादा सांगितली आहे: मोठ्या माणसांस ८० डेसिबेल आवाज आठवड्याला ४० तास, मुलांस ७५ डेसिबेल तितकेच तास. त्यापुढे दर तीन डेसिबेलला वेळ निम्मा होतो, म्हणजे ८३ ला वीस तास, ८६ ला दहा, ८९ ला पाच. परवा मला 'गोड' वाटलेले ते तीन डेसिबेल वाचकांस आठवत असतील; त्यांची किंमत अर्धे आयुष्य आहे. मैफली व जलशांच्या जागांसाठी संघटनेने २०२२ साली पंधरा मिनिटांच्या सरासरीस १०० डेसिबेल ही कमाल मर्यादा सुचविली. आपल्या गरब्याच्या मंडपांतून आणि गणपतीच्या मिरवणुकांतून एकदा मापक घेऊन हिंडावे.

तेव्हा ज्यांना अशी जोडी घ्यावयाची आहे त्यांस माझे सांगणे असे. कानात घट्ट बसणारी घ्या, म्हणजे बाहेरचा गलका दबवण्यासाठी आवाज वाढवावा लागत नाही. तुलना करताना आवाज जुळवून घ्या. ओळखीच्या गळ्यावर आणि ओळखीच्या तंबोऱ्यावर पारखा. आणि दोष दिसला तर दुकानदाराकडे जाण्यापूर्वी दोन्ही बाजू एकदा बदलून पाहा. वडील मान फिरवून तबला ऐकत, ते हेच करीत होते.

शिष्याने एटिमोटिक घेतली. डॉक्टरीणबाईंनी मला सांगितले आहे, की आज श्रवणयंत्राची गरज नाही, पण दरवर्षी येऊन कान दाखवायचा. कदाचित पुढेमागे त्या लोखंडी जिभलीचीच एखादी बहीण माझ्या डाव्या कानात बसेल. गरब्याची पेटी मी सोडली. तंबोऱ्याच्या तारा अजून मीच मिळवतो. जवारीचा दोरा मात्र अकरा वर्षांची एक विद्यार्थिनी सरकवते. ती "बस्स, गुरुजी" म्हणाली, की मी दिवा लावतो आणि शिकवणी सुरू होते.