शेवटच्या जन्मापासून उलटं मोजताना

‘रॅग्नारोक ऑनलाइन’ या खेळात पुनर्जन्म घेणाऱ्या पात्राला ५२ गुण जादा मिळतात. नव्व्याण्णव पातळ्या चढायच्या, जमवलेला पैसा आणि सामान बाजूला ठेवायचं, पुन्हा पहिल्या पातळीवर येऊन उभं राहायचं, आणि पदरात पडतात ५२ गुण. ठाण्यात खोपटच्या आमच्या इमारतीतली मुलं हे ऐकून विचारतात, “एवढ्यासाठी?” प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर मात्र एका वाक्यात देता येत नाही, त्यासाठी थोडं गणित करावं लागतं. ते गणित मला फार आवडतं, म्हणून हा लेख.

रॅग्नारोक हा कोरियातल्या ग्रॅव्हिटी कंपनीचा खेळ. ली म्युंग-जिन यांच्या याच नावाच्या चित्रकथेवरून तो घेतला आणि २००२ साली कोरियात रीतसर सुरू झाला. पुढे काही वर्षांनी लेव्हल अप या कंपनीने तो भारतात आणला. ठाणे, कल्याण, डोंबिवलीत तेव्हा स्टेशनच्या आसपास गल्लोगल्ली सायबर कॅफे होते. बहुतेक टेबलांवर ‘काउंटर-स्ट्राइक’ चाले. त्यात गोळी लागली की पुढच्या फेरीत पुन्हा उभं राहायचं, सामना संपला की मागचं काही उरत नाही. रॅग्नारोकमध्ये उलट होतं. आज दिलेला एक गुण सहा महिन्यांनीही पात्राच्या अंगावर असायचा, आणि चुकीच्या जागी दिलेला असेल तर तोही तसाच असायचा. त्यामुळे हा खेळ खेळणारे वही बाळगत.

वहीत काय असे ते सांगतो. पात्राचे गुणधर्म सहा : स्ट्रेंग्थ, अ‍ॅजिलिटी, व्हायटॅलिटी, इंटेलिजन्स, डेक्स्टेरिटी आणि लक. प्रत्येक १ पासून सुरू होतो आणि फार तर ९९ पर्यंत जातो. पहिल्या दहा पायऱ्यांना प्रत्येकी २ गुण लागतात, पुढच्या दहांना ३, त्यापुढच्या दहांना ४, असं करत शेवटच्या आठ पायऱ्यांना प्रत्येकी ११. एक गुणधर्म १ वरून ९९ वर न्यायला एकूण ६२८ गुण खर्च होतात. आणि मिळकत? सुरुवातीला ४८, मग प्रत्येक पातळीला थोडे थोडे, असे नव्व्याण्णवाव्या पातळीपर्यंत १,२७३. (हे आणि पुढचे रॅग्नारोकचे सगळे आकडे मूळ नियमांचे आहेत, पुढे ‘रिन्युअल’ या नावाने नियम बदलले.)

आता एक विझार्ड घ्या. त्याला इंटेलिजन्स ९९ हवं, कारण मंत्राचा जोर त्यावर ठरतो. डेक्स्टेरिटीही ९९ हवी, कारण मंत्र म्हणायला लागणारा वेळ तिने कमी होतो आणि सगळं मिळून ती १५० झाली की तो वेळ शून्यावर येतो. दोन्हींचे मिळून १,२५६ गुण गेले, उरले १७. एवढ्यात व्हायटॅलिटी १ वरून कशीबशी ९ होते. असा विझार्ड मारतो जबरदस्त, पण जवळ आलेला शत्रू त्याला लगेच आडवा करतो.

पुनर्जन्म घेतलेल्याची सुरुवात ४८ ऐवजी १०० गुणांनी होते. तेच दोन गुणधर्म ९९ वर नेल्यावर त्याच्याकडे १७ नव्हे, ६९ गुण उरतात, आणि व्हायटॅलिटी २५ पर्यंत पोचते. शिवाय नव्या जन्मात हिट पॉइंट, म्हणजे मार सोसायची ताकद, पाव पटीने जास्त. आधी जो उभा राहू शकत नव्हता तो आता उभा राहतो. एकूण १,३०० च्या हिशेबात ५२ म्हणजे चार टक्के, पण ते मिळतात नेमके तिथे, जिथे आधी काहीच शिल्लक नव्हतं.

तलवार चालवणाऱ्यांचं गणित आणखी रंगतदार आहे. स्ट्रेंग्थच्या दशकाचा आकडा घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा आणि तो माऱ्यात मिळवायचा असा नियम आहे. स्ट्रेंग्थ ८९ असेल तर ८ चा वर्ग ६४, आणि ९० झाली की ९ चा वर्ग ८१. एका पायरीत मारा १८ ने वाढतो (१७ वर्गाचे, १ पायरीचा), पण ९१ ते ९८ या पायऱ्यांना प्रत्येकी एकाचीच भर. म्हणून जाणकार खेळाडू स्ट्रेंग्थ कुठेतरी मध्येच सोडत नाही. पेशामुळे मिळणारी वाढ, अंगावरच्या वस्तू आणि प्रीस्टचा आशीर्वाद धरून बेरीज बरोबर ११० किंवा १२० वर कशी बसेल हे तो आधी ठरवतो आणि तिथून मागे येत स्वतःचे गुण किती घालायचे ते काढतो. उंबरठा गाठता येत नसेल तर त्या दिशेला घातलेले गुण जवळपास वायाच जातात.

पुनर्जन्माचा विधीही ठरलेला आहे. पातळी ९९, पेशाची पातळी ५०, एकही कौशल्यगुण न वापरता ठेवलेला नको. जुनो शहरात १२,८५,००० झेनी (हे खेळातलं चलन) भरायचे. अंगावर सामान नको, खिशात एक झेनीही नको. सामान गोदामात ठेवता येतं, पण पैसा ठेवता येत नाही, म्हणून लोक उरलेल्या झेनीच्या वस्तू घेऊन ठेवत किंवा विश्वासातल्या मित्राकडे देत. मग वल्हाल्लात वाल्किरीपुढे जायचं आणि पहिल्या पातळीवर परतायचं. वाट मात्र बदलता येत नाही. नाइट होता तो लॉर्ड नाइटच होणार, प्रीस्ट होता तो हाय प्रीस्टच. मागच्या जन्मीचा पेशा पुढच्या जन्मी चिकटलेलाच.

मला या खेळातली हीच एक गोष्ट खटकते. आणि इथेच ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स ऑनलाइन’ उजवा ठरतो. टर्बाइन या अमेरिकन कंपनीने २००६ च्या फेब्रुवारीत तो सुरू केला. त्याचं मूळ १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी काढलेल्या, टेबलाभोवती बसून कागद, पेन्सिल आणि फाशांनी खेळायच्या खेळात. इथे विसाव्या पातळीवर ‘ट्रू हार्ट ऑफ वुड’ नावाची वस्तू हाती असेल तर पुनर्जन्म घेता येतो, आणि नव्या जन्मात वंश, वर्ग (म्हणजे पात्राचा पेशा), सगळं नव्याने निवडता येतं. संपलेला जन्म ज्या वर्गात काढला त्याची एक कायमची खूण पात्रावर राहते. बार्बेरियनचा जन्म काढला असेल तर पुढच्या सगळ्या जन्मांत हिट पॉइंट थोडे जास्त, पॅलाडिनचा काढला असेल तर अंगावर होणारे उपचार जास्त लागू पडतात, मंकचा काढला असेल तर प्रत्येक फटक्याला थोडी भर. एकाच वर्गाची खूण तीनदा साठवता येते, त्यापुढे नाही.

गुणही वाढतात. अगदी नवख्याला २८ गुण, काही काळ खेळलेल्याला ३२, पहिल्या पुनर्जन्मानंतर ३४ आणि दुसऱ्यानंतर कायम ३६. इथेही वरच्या पायऱ्या महाग असतात : ८ वरून १४ पर्यंत प्रत्येकी १ गुण, १५ आणि १६ ला दोन-दोन, १७ आणि १८ ला तीन-तीन. म्हणजे १८ ला १६ गुण आणि १६ ला १० गुण. ३६ गुणांत एक १८ आणि दोन १६ बरोबर बसतात. २८ मध्ये एक १८, एक १६ आणि तिसरा जेमतेम १०. मागे वळून पाहिलं तर दोन जन्मांची सगळी मेहनत या तिसऱ्या आकड्यात साठलेली दिसते.

शिवाय एका जन्मात वर्गांची मिसळ करता येते, जास्तीत जास्त तीन वर्गांची. ‘रोग’ (Rogue) या वर्गाच्या दोन पातळ्या घेतल्या की इव्हेजन मिळतं : स्फोटातून वेळीच बाजूला झालात तर इजा शून्य. पण अंगावर जड चिलखत असेल तर ते चालत नाही, आणि नवखे नेमके इथेच फसतात. फायटरच्या अठरा पातळ्या, रोगच्या दोन, वर पोलादी चिलखत, आणि दोन पातळ्या फुकट. क्रमालाही महत्त्व आहे. पात्राच्या पहिल्याच पातळीला कौशल्यगुण चौपट मिळतात, म्हणून रोग घ्यायचाच असेल तर तो आरंभी घ्यावा.

पुनर्जन्माचा खेळ मराठी घराला नवा नाही. मोक्षपट कवड्या टाकून खेळत. शिडीने वर, सापाने खाली, मोक्षाचं घर येईपर्यंत फेरे. परंपरा हा खेळ ज्ञानेश्वरांच्या नावाशी जोडते. त्याचाच नातलग म्हणजे ज्ञानचौपड, तिचे जैन पट ८४ घरांचे असत. जेकब श्मिट-मॅडसन यांनी कोपनहेगन विद्यापीठात या पटांवर पीएच.डी. केली आहे. मोक्षपटात खेळणाऱ्याच्या हाती काही नसतं, कवडी पडेल तसं जायचं. संगणकावरच्या या खेळांत सगळं हाती असतं, आणि म्हणूनच चूकही पूर्णपणे आपली असते.

माझा भाचा कोलबाडला राहतो. त्याने मागच्या उन्हाळ्यात ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स ऑनलाइन’बद्दल विचारलं, “मामा, पहिला जन्म कशाचा घेऊ?” मी म्हटलं, “आधी शेवटचा सांग.” त्याला शेवटी विझार्ड हवा होता, पटकन न मरणारा. मग आम्ही उलटे मागे आलो. शेवटच्या जन्मी ३६ गुण हवेत, म्हणजे त्याआधी निदान दोन जन्म. टिकाव हवा, म्हणजे त्यातला एक बार्बेरियनचा. उपचार लागू पडायला हवेत, म्हणजे दुसरा पॅलाडिनचा. दोघेही समोरासमोर लढणारे असल्याने पहिल्या जन्मी मिळालेली शस्त्रं दुसऱ्या जन्मीही कामी येतात, कारण या खेळात सामान हरवत नाही, पेढीत जपलं जातं. पण जन्मागणिक चढण वाढते. तिसऱ्या जन्मापासून विसावी पातळी गाठायला पहिल्याच्या दुप्पट अनुभवगुण लागतात. बार्बेरियन तीनदा, पॅलाडिन तीनदा अशी यादी त्याने उत्साहाने लिहिली होती, ती मी खोडायला लावली. ज्या वर्गाने खेळताना मजा येत नाही त्याचा जन्म केवळ खुणेसाठी काढू नये, असं माझं ठाम मत आहे. कंटाळलेला खेळाडू बाराव्या-तेराव्या पातळीवर खेळ सोडतो आणि सगळी योजना तिथेच राहते.

शेवटची अडचण वेळेची आणि सोबतीची. पार्टी, म्हणजे एकत्र खेळणारा गट, सहा जणांची असते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर उन्हाळ्यात रात्रीचे आठ वाजतात तेव्हा ठाण्यात पहाटेचे साडेपाच झालेले असतात, म्हणून तिकडच्या गटात खेळायचं तर पहिल्या लोकलच्या माणसासारखं उठावं लागतं. त्यापेक्षा इथलेच सहा जण बरे. पण त्यांतला एक जण पुनर्जन्म घेऊन पहिल्या पातळीवर गेला आणि बाकीचे विसाव्यावर राहिले, तर तो त्यांच्याबरोबर खेळू शकत नाही. पातळ्यांत फार अंतर असेल तर अनुभवगुण कापले जातात. तेव्हा पुनर्जन्माची तारीख सगळ्यांनी मिळून ठरवावी लागते. आमच्यात दोघे डोंबिवलीचे, एक कल्याणचा, बाकीचे खोपट-चरईतले. दिवाळीची सुट्टी संपेपर्यंत मागे राहिलेल्या दोघांना विसाव्या पातळीवर आणायचं, आणि मग सहाही जणांनी एकाच संध्याकाळी पुन्हा पहिल्या पातळीपासून निघायचं, असं ठरलं आहे.