‘आवडला’, ‘चांगला आहे’ आणि ‘चांगला आहे म्हणे’ : प्रेक्षकांच्या अभिप्रायाचे व्याकरण

चित्रपट पाहून परतलेल्या माणसाला घरी पहिला प्रश्न विचारला जातो तो ‘कसा होता?’ हा. त्याचे उत्तर बहुधा तीनचार शब्दांचे असते. कारणे न देता दिलेला निवाडा म्हणून समीक्षेच्या दृष्टीने ते उपेक्षणीय ठरते. भाषेच्या अभ्यासकाला मात्र त्याकडे अशी पाठ फिरविता येत नाही. मत कोणाचे, ते कशाच्या आधारावर बनले आणि ऐकणाऱ्याने त्याचे काय करावे, या तीनही गोष्टींची नोंद मराठी प्रेक्षक त्या तीनचार शब्दांतच करून ठेवतो. आणि ती मुख्यतः विशेषणांनी नव्हे, तर विभक्ती, काळ, क्रियापदांची रूपे आणि अव्यये यांच्या साहाय्याने करतो. ही नोंद कशी होते ते दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

‘मला तो चित्रपट आवडला’ आणि ‘तो चित्रपट चांगला आहे’ ही दोन वाक्ये व्यवहारात समानार्थी भासतात. पहिल्यात अनुभव घेणारी व्यक्ती चतुर्थी विभक्तीत येते आणि क्रियापद चित्रपटाच्या लिंगवचनाप्रमाणे चालते. म्हणून चित्रपट ‘आवडला’, तर मालिका ‘आवडली’. दुसऱ्या वाक्यातून अनुभव घेणारा नाहीसा होतो आणि चांगुलपणा हा वस्तूचाच गुण म्हणून मांडला जातो. दोहोंतील भेद प्रत्युत्तरात स्पष्ट होतो. ‘चांगला आहे’ असे म्हणणाऱ्याला ‘छे, मुळीच चांगला नाही’ असे सांगता येते. पण ‘मला आवडला’ असे म्हणणाऱ्याला ‘छे, तुला आवडला नाही’ असे उत्तर देणे हास्यास्पद होते. पीटर लेझरसन यांनी २००५ साली रुचिवाचक विधेयांसंबंधी जो प्रश्न चर्चिला तो येथेच उद्भवतो : दोघे परस्परविरुद्ध विधाने करतात, तरीही कोणाचीच चूक झालेली नसते, हे कसे? या पेचातून सुटण्याचा मार्ग सामान्य प्रेक्षकाला ठाऊक असतो. वाद टाळावयाचा असेल तेथे तो ‘मला’ या पदाचा आश्रय घेतो, आणि इतरांचे मत वेगळे आहे याची जाणीव असेल तर ‘मला तरी आवडला’ असे म्हणतो. ‘चांगला वाटला’ ही रचना या दोहोंच्या मध्ये उभी आहे. तीत अनुभव घेणारा उच्चारलेला नसला, तरी गृहीत असतो.

दुसरी नोंद मताच्या आधाराची. ‘चित्रपट छान आहे, पण मी तो पाहिलेला नाही’ हे वाक्य कानाला खटकते. रुचीविषयीचे विधान करणाऱ्याने त्या वस्तूचा अनुभव स्वतः घेतलेला असावा, अशी भाषकांची अपेक्षा असते. दिलीप निनान यांनी २०१४ साली या अपेक्षेचे स्वतंत्र विवेचन केले आहे. मराठीत या वाक्यातील विसंगती एका अव्ययाने दूर होते : ‘चित्रपट छान आहे म्हणे, पण मी पाहिलेला नाही.’ ‘म्हणे’ हे मूळचे क्रियापदाचे रूप. येथे त्याला कर्ता उरलेला नाही, आणि ऐकीव माहितीचे चिन्ह एवढेच त्याचे कार्य आहे. विशिष्ट स्वराघाताने उच्चारल्यास तेच अव्यय अविश्वासही दर्शविते. दुसऱ्याचे मत पुढे पोहोचवावयाचे, पण त्याची जबाबदारी घ्यावयाची नाही, हा विवेक त्या दोन अक्षरांत सामावलेला आहे.

तिसरी नोंद काळाची. चित्रपट पाहून आलेला मनुष्य ‘चांगला होता’ असे म्हणतो, तेव्हा तो त्या संध्याकाळचा वृत्तांत देत असतो. तोच मनुष्य ‘चांगला आहे’ असे म्हणाला, तर ऐकणाऱ्याने तो पाहावा, अशी सूचना त्यात येते. म्हणूनच ‘चांगला आहे, जाऊन ये’ हे सहज वाटते आणि ‘चांगला होता, जाऊन ये’ हे थोडे अडखळते. चित्रपट एकच, परंतु एका वाक्यात तो घडून गेलेला प्रसंग असतो, तर दुसऱ्यात अजून उपलब्ध असलेली वस्तू.

पारंपरिक व्याकरणात ज्यांना शक्य क्रियापदे म्हटले जाते, त्यांचा उपयोग याहून सूक्ष्म आहे. ‘मी तो चित्रपट पाहू शकलो नाही’ यात अडथळा बहुधा बाहेरचा असतो : वेळ नव्हता किंवा तिकीट मिळाले नाही. ‘मला तो पाहवला नाही’ यात अडथळा पाहणाऱ्याच्या मनात आहे. परंतु मनाने माघार का घेतली, हे रूपावरून कळत नाही. नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’ (२०१६) या चित्रपटाच्या अखेरीस नायक-नायिकेची हत्या होते आणि त्यांच्या लहानग्या मुलाची रक्ताळलेली पावले उमटत जातात. ‘सैराटचा शेवट बघवत नाही’ असे कोणी म्हटले, तर ती निंदा नसून कृतीच्या परिणामकारकतेची कबुली असू शकते. एखाद्या रटाळ प्रहसनाविषयी हेच शब्द उच्चारले, तर ती शुद्ध निंदा होय.

दूरचित्रवाणीने या व्यवस्थेत एक नवी स्थिती आणली. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पुढे रोजच्या मालिका आल्या आणि न संपणाऱ्या कृतीविषयी मत देण्याची वेळ प्रेक्षकांवर आली. चित्रपट ‘पाहिला’ जातो. मालिका ‘मी पाहते’ अशा रीतिवर्तमानात वावरते. म्हणून मालिकेवरील अभिप्रायही दोन काळांत विभागलेला असतो : ‘आधी चांगली होती, आता नुसते पाणी घालताहेत.’ यातील ‘घालताहेत’ या अनेकवचनी क्रियापदाचा कर्ता कोठेही सांगितलेला नसतो. लेखक, निर्माते, वाहिनी यांपैकी नेमके कोण, हे प्रेक्षकाला सांगावयाचे नसते. स्वयंपाकघरातून घेतलेली तक्रार तेवढी पोहोचते. अलीकडे संपूर्ण भाग एकदम उपलब्ध होणाऱ्या मालिकांविषयी ‘दोन दिवसांत बघून संपवली’ असे म्हटले जाते. पूर्ण झालेल्या क्रियेचे रूप येथे पुन्हा परतले आहे.

या भेदांचे महत्त्व केवळ वर्णनापुरते नाही. लोकांचे अभिप्राय यंत्राच्या साहाय्याने गोळा करून त्यांची अनुकूल व प्रतिकूल अशी विभागणी करण्याची पद्धत आता रूढ झाली आहे. केवळ शब्द मोजणाऱ्या पद्धतीला ‘छान आहे’ आणि ‘छान आहे म्हणे’ यांत एकच स्तुती दिसेल. ‘बघवत नाही’ मधील नकार ती प्रतिकूल रकान्यात टाकील. आणि ‘मला तरी आवडला’ मधून डोकावणारे इतरांचे विरुद्ध मत तिच्या हाती लागणारच नाही. बोलणाऱ्याने काळजीपूर्वक केलेली नोंद मोजणाऱ्याने पुसून टाकावी, असा हा प्रकार होय. अभिप्रायांचा संग्रह करणाऱ्या विद्यार्थ्याने म्हणून विशेषण टिपून थांबू नये. अनुभव घेणारी व्यक्ती वाक्यात उच्चारलेली आहे की नाही, क्रियापद कोणत्या काळात व रूपात आहे, अव्यय कोणते आले आणि स्वराघात कोठे पडला, हेही त्याने टिपले पाहिजे.

सामान्य प्रेक्षक आपल्या मताची कारणे देत नाही, हा त्याच्यावरील आक्षेप पुष्कळ अंशी खरा आहे. परंतु ते मत कोणाचे, कशावरून बनलेले आणि कितपत ठाम, हे तो सहसा लपवीत नाही. टीकाकाराकडून ज्या प्रामाणिकपणाची अपेक्षा केली जाते, त्याचा पहिला धडा प्रेक्षकाच्या व्याकरणात आधीच अंतर्भूत आहे.