‘सब पॅकेज में है’ म्हणजे नक्की काय काय?

उन्हाळ्याच्या सुट्टीआधी उज्जैनच्या फ्रीगंजमधल्या ट्रॅव्हल एजंटच्या दुकानात एक वाक्य हमखास कानावर येतं: ‘अंकल, सब पॅकेज में है, आप तो बस बॅग भरो.’ ते ऐकून मराठी घरातले काका-काकू निर्धास्त होतात आणि टोकन देऊन मोकळे होतात. पॅकेजचा मोह समजण्यासारखा आहे. पहिल्यांदा युरोपला निघालेल्यांनी विमान, हॉटेल, रेल्वे सगळं स्वतः जमवत बसावं, असं मीही म्हणणार नाही. पण त्या एका बिलात विमान कंपनी, हॉटेल, दूतावास, विमा कंपनी आणि एजंट अशा पाच जणांच्या पाच तऱ्हेच्या अटी असतात. अडचण आली की जो तो आपली अट पुढे करतो.

सगळ्यात पक्का गैरसमज व्हिसाचा. ‘व्हिसा इन्क्लुडेड’ याचा अर्थ एजंट फॉर्म भरून देईल आणि फी भरेल, एवढाच. व्हिसा द्यायचा की नाही हे दूतावास ठरवतो आणि तिथे कुणाची ओळख चालत नाही. २०२४ मध्ये भारतातून शेंगेन व्हिसासाठी ११ लाखांहून जास्त अर्ज गेले, त्यांतले सुमारे १५ टक्के नाकारले गेले. मोठ्या माणसाची फी ९० युरो. नकार आला तरी ती परत मिळत नाही.

‘फ्रान्सची तारीख मिळत नाही, दुसऱ्या देशाचा काढू, शेंगेन सगळं एकच’ असंही सर्रास सांगितलं जातं. शेंगेन क्षेत्रात आज २९ देश आहेत आणि एका व्हिसावर त्या सगळ्यांत फिरता येतं, हे खरं. अर्ज मात्र जिथे सगळ्यात जास्त मुक्काम, त्याच देशाकडे करायचा असतो. दिवस सारखेच असतील तर ज्या देशात आधी पाऊल टाकणार त्याच्याकडे. पाच रात्री स्वित्झर्लंड आणि दोन रात्री पॅरिस असा कार्यक्रम असताना फ्रान्सकडे अर्ज करणं म्हणजे नकार ओढवून घेणं. आणि हो, स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही, पण शेंगेनमध्ये आहे. लंडन दोन्हींत नाही. कार्यक्रमात लंडन असेल तर ब्रिटनचा वेगळा व्हिसा, वेगळी फी, वेगळी प्रतीक्षा.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, निदान पंधरा दिवस आधी तो दाखल व्हायला हवा. निर्णयाला साधारण पंधरा दिवस लागतात, पण कागद अपुरे वाटले तर ४५ दिवसही लागू शकतात. बोटांचे ठसे द्यायला स्वतःच जावं लागतं. जर्मनीच्या बाबतीत मध्य प्रदेश मुंबईच्या वाणिज्य दूतावासाच्या कक्षेत येतो. तेव्हा अवंतिका एक्स्प्रेसने रातोरात जायचं आणि रातोरात परतायचं, हा खर्च धरूनच चालावं. तो कुठल्याच पॅकेजमध्ये नसतो.

बरेच जण व्हिसाच्या आधीच तिकिटाचे पूर्ण पैसे भरून बसतात. अर्जासोबत जाण्या-येण्याचं आरक्षण दाखवायचं असतं, परत न मिळणाऱ्या पैशांची पावती नव्हे. ‘व्हिसा नाही मिळाला तर सगळे पैसे परत’ असं एजंट तोंडी म्हणाला, तर तेच वाक्य बिलावर लिहून मागा. तिथे त्याचा हात थबकला तर काय ते समजून घ्या.

आता विमान. इंदूरच्या विमानतळावर पाटी ‘आंतरराष्ट्रीय’ अशी असली तरी तिथून युरोपला थेट विमान नाही. दिल्ली, मुंबई किंवा आखातात कुठेतरी बदलावं लागतं. इथे विचारायचा प्रश्न एकच: इंदूरपासून पॅरिसपर्यंत पीएनआर एक आहे की दोन? एकाच तिकिटावर प्रवास असेल आणि इंदूरचं विमान उशिरा सुटल्याने पुढचं चुकलं, तर पुढे पोहोचवणं विमान कंपनीचं काम. पॅकेज स्वस्त दिसावं म्हणून इंदूर-मुंबई वेगळ्या कंपनीचं घेतलं असेल, तर मुंबईत तुम्ही ‘नो शो’. नवं तिकीट तुमच्या खिशातून, आणि परतीचंही रद्द होण्याची भीती असते ती वेगळीच.

विमान रखडलं तर पाण्याची बाटली आणि सँडविच यापलीकडे काही मिळत नाही, ही आपली समजूत युरोपात खोटी ठरते. युरोपीय संघाचा २००४ चा २६१ क्रमांकाचा नियम सांगतो, की तिथल्या विमानतळावरून निघालेल्या कोणत्याही कंपनीच्या विमानाला तो लागू आहे. पॅरिसहून भारतात येताना चार तासांपेक्षा जास्त उशीर झाला आणि दोष कंपनीचा असेल, तर माणशी ६०० युरो भरपाई. वादळ किंवा हवाई नियंत्रकांचा संप असेल तर पैसे नाहीत, पण जेवण आणि गरज पडल्यास हॉटेल द्यावंच लागतं. जाताना मात्र हा नियम फक्त युरोपीय कंपन्यांना लागू होतो. त्यामुळे एअर इंडियाने गेलात तर जाताना नाही, येताना आहे. ही भरपाई प्रवाशाची असते, एजंटची नाही. बोर्डिंग पास जपून ठेवा.

हॉटेलच्या बाबतीत ‘पॅरिसमध्ये चार तारे’ यावर समाधान मानू नका. नाव आणि पत्ता मागा, नकाशावर टाका. विमानतळाजवळच्या रुआसीतलं हॉटेलही ‘पॅरिस’ म्हणून विकलं जातं. तिथून आयफेल टॉवर वीस-पंचवीस किलोमीटर. ‘ट्रिपल रूम’मध्ये तिसऱ्याला बहुधा घडीची खाट मिळते आणि ती उघडल्यावर बॅगा ठेवायला जागा उरत नाही. शिवाय शहराचा कर बहुतेक वेळा हॉटेलच्या काउंटरवर वेगळा द्यावा लागतो. ॲमस्टरडॅममध्ये २०२४ पासून तो खोलीच्या भाड्याच्या १२.५ टक्के आहे.

विमा म्हणजे फॉर्मला जोडायचा कागद, असं मानणारेही खूप. शेंगेनसाठी किमान ३०,००० युरोंचं वैद्यकीय संरक्षण लागतं आणि आजारी माणसाला, प्रसंगी मृतदेहाला, मायदेशी आणण्याचा खर्चही त्यात हवा. ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे, म्हणजे आपल्या उज्जैनचेही, १९२५ मध्ये पॅरिसमध्येच वारले. परदेशात असं घडतं. बीपी-शुगर असेल तर ते विम्याच्या अर्जात लपवू नका, क्लेम नेमका तिथेच अडतो.

बिलावरचा टीसीएस पाहून ‘हा कसला नवा दंड’ म्हणून लोक चिडतात. तो आगाऊ प्राप्तिकर आहे. २०२० मध्ये तो सुरू झाला, मधल्या काळात मोठ्या रकमांवर २० टक्क्यांपर्यंत गेला, आणि २०२६ च्या अर्थसंकल्पात सरसकट २ टक्क्यांवर आणला गेला. तुमच्या पॅनवर तो जमा होतो, विवरणपत्र भरताना वजा किंवा परत मिळतो. म्हणून बिल कुणाच्या पॅनवर फाटतंय ते बघा. नुसतं विमानाचं तिकीट घेतलं तर ते पॅकेज धरलं जात नाही. तिकीट आणि हॉटेल एकत्र घेतलं की धरलं जातं.

राहिला ‘मोठी कंपनी आहे, पैसे कुठे जातात’ हा विश्वास. कॉक्स अँड किंग्जचं नाव अठराव्या शतकापासूनचं. ती कंपनी २०१९ मध्ये कर्ज थकवून दिवाळखोरीत गेली आणि पैसे भरलेल्या पर्यटकांच्या सहली अडकल्या. ब्रिटनमध्ये विमानासह पॅकेज विकणाऱ्याला परवान्यासाठी ग्राहकांच्या पैशांची हमी द्यावी लागते, आपल्याकडे तशी सक्ती नाही. म्हणून पैसे टप्प्याटप्प्याने द्या आणि प्रत्येक टप्प्याला काहीतरी हातात घ्या: पीएनआर, हॉटेलचं व्हाउचर, विम्याची पॉलिसी. पीएनआर विमान कंपनीच्या साइटवर स्वतः टाकून बघा, हॉटेलला एक ईमेल करा.

आणि कंपनी मुंबईची, म्हणजे भांडायला मुंबईच गाठावी लागेल, हेही आता खरं नाही. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २०२० च्या जुलैत लागू झाला, तेव्हापासून ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. उज्जैनकराला उज्जैनात. पॅकेजला मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्याही अर्ज जातो. पुरावा म्हणून एजंटचे व्हॉट्सॲपवरचे मेसेज चालतात, तेव्हा ‘सब पॅकेज में है’ हे त्याला तोंडी न म्हणू देता लिहून पाठवायला सांगा.