अद्भुत आणि वैज्ञानिक : काही अलीकडचे वाचन

कचेरीत दिवसभर अर्ज, अहवाल आणि आकडे वाचणाऱ्या मनुष्याने घरी गेल्यावर पुन्हा पुस्तक उघडावे, आणि तेही परग्रहावरील प्राण्यांचे किंवा मंतरलेल्या किल्ल्यांचे, याचे पुष्कळांना नवल वाटते. "हे सारे खोटे आहे हे ठाऊक असून ते वाचावयाचे कशासाठी?" असा प्रश्न माझ्या एका वडीलधाऱ्या सहकाऱ्यांनी मला केला होता. प्रश्न साधा दिसतो, पण वाङ्मयविचारात तो जुना आहे. इतिहासाचार्य राजवाडे यांनी १९०२ साली आपल्या 'कादंबरी' या निबंधात अद्भुत आणि वास्तविक या दोन वाटांची चर्चा केली. पुढे मराठी टीकेचे मन वास्तवाकडे अधिकाधिक झुकत गेले आणि अद्भुताची रवानगी बहुधा मुलांच्या खोलीत झाली. गेल्या वर्षा-दीड वर्षात मी या उपेक्षित जातीच्या काही कादंबऱ्या वाचल्या, काही पहिल्यांदा तर काही पुन्हा. त्यांच्याविषयी मला जे वाटले ते आज आपल्यापुढे ठेवतो. मी साहित्याचा विद्यार्थी आहे, विज्ञानाचा नव्हे. तेव्हा त्यातील विज्ञान बरोबर की चूक याचा निवाडा मी करणार नाही.

अद्भुत म्हटले की त्यात वाटेल ते चालते अशी एक समजूत आहे. खरे पाहता वाटेल ते चालू लागले की अद्भुत संपते. एच. जी. वेल्स यांनी आपल्या वैज्ञानिक कादंबऱ्यांच्या संग्रहाला १९३३ साली जी प्रस्तावना लिहिली, तिच्यात हा मुद्दा फार चांगला मांडला आहे. लेखकाने एकच अशक्य गोष्ट वाचकाकडून कबूल करून घ्यावी आणि मग बाकीचे सारे व्यवहार नित्याच्या माणुसकीने चालवावेत, कारण जेथे काहीही घडू शकते तेथे कशाचीच उत्कंठा उरत नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. सरकारी नोकराला हे चटकन पटते. नियमाला एक अपवाद असेल तर त्याला महत्त्व येते. सगळेच अपवाद झाले तर फाईल कोणी उघडूनही पाहणार नाही.

आम्ही छत्तीसगढातील मराठी माणसे दोन भाषांच्या सावलीत वाढतो, म्हणून पहिले उदाहरण हिंदीतले घेतो. देवकीनंदन खत्री यांची 'चंद्रकांता' १८८८ साली निघाली आणि ती वाचता यावी म्हणून कित्येकांनी हिंदी शिकून घेतली असे सांगतात. तिच्यातील ऐयार क्षणात रूप पालटतात आणि तिलिस्मात शिरलेला माणूस बाहेर पडत नाही. परंतु आज चाळिशी उलटल्यावर ती वाचताना मला वेगळीच गोष्ट दिसली. खत्रींच्या तिलिस्मात भुतेखेते नाहीत. दार आपोआप उघडते ते कळ दाबल्यामुळे, पुतळा हलतो तो आतल्या यंत्रामुळे आणि माणूस बेशुद्ध पडतो तो औषधाच्या वासाने. चमत्कार आधी दाखवावयाचा आणि त्यामागची युक्ती नंतर सांगावयाची, ही त्यांची रीत आहे. जिला आपण निव्वळ जादूची गोष्ट समजत होतो ती यंत्रविद्येच्या उंबरठ्यावर उभी आहे. दोष म्हणाल तर पाल्हाळ, आणि तोही थोडाथोडका नव्हे!

मराठीत भीती आणि अद्भुत यांचे नाते नारायण धारप यांनी जितक्या सातत्याने सांभाळले तितके क्वचितच कोणी सांभाळले असेल. धारप १९२५ ते २००८ या काळातले. त्यांच्या 'समर्थ' कथा आमच्या पिढीने वाचनालयातून आळीपाळीने आणून वाचल्या. अलीकडे त्या पुन्हा वाचताना जाणवले ते असे, की त्यांच्याकडील अमंगळ शक्तीलाही मर्यादा असतात. तिला कोणीतरी आत घ्यावे लागते, तिचा प्रवेश कोणाच्या तरी लोभातून, कुतूहलातून किंवा दुबळेपणातून होतो, आणि तिचा बंदोबस्तही काही एका क्रमानेच करावा लागतो. भाषा साधी आणि घरे आपल्या ओळखीची. स्वयंपाकघर, माळा, जिन्याखालची अडगळ यांतून भय उभे राहते. हीच पुस्तके एका सपाट्यात पाच-सहा वाचली तर साचा ध्यानी येतो, हे मात्र खरे. दोन पुस्तकांत महिन्याचे अंतर ठेवावे.

येथे भाषांतराविषयी एक शब्द. हॅरी पॉटरच्या पहिल्या भागाच्या मराठी अनुवादाच्या नावात 'परीस' हा शब्द आला आहे. मूळ कल्पना युरोपातील किमयागारांची. पण परीस म्हणताच संतवाङ्मयातून कानावर पडलेला सगळा अर्थ जागा होतो, आणि परके अद्भुत एका शब्दानिशी घरचे होते. लोखंडाच्या गावात राहणाऱ्या माणसाला तो शब्द विशेष आवडला तर आपण समजून घ्याल.

आता वैज्ञानिक कादंबरीकडे वळू. ही जात मराठीत प्रथम अनुवादाच्या वाटेने आली. विसाव्या शतकाच्या आरंभी 'केरळ कोकिळ' मासिकात ज्यूल व्हर्नची चंद्रयात्रा मराठी वेषात अवतरली. पुढे भा. रा. भागवतांनी व्हर्नच्या कथा 'मुक्काम शेंडेनक्षत्र', 'समुद्रसैतान' अशा झकास नावांनी मुलांच्या हाती दिल्या. परंतु मोठ्यांच्या वाङ्मयात तिला मानाचे पान मिळाले ते जयंत नारळीकरांमुळे. ही हकीकत पुष्कळांना ठाऊक असली तरी सांगण्याजोगी आहे. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या कथास्पर्धेत त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठविली, म्हणजे आपली आद्याक्षरे उलटी करून. आणि हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती पत्नीकडून लिहवून घेतली. कथेला पहिले पारितोषिक मिळाले. १९७५ च्या कऱ्हाड साहित्य संमेलनात अध्यक्षा दुर्गाबाई भागवत यांनी या नव्या प्रकाराची दखल घेतली. नारळीकर स्वतः २०२१ च्या नाशिक संमेलनाचे अध्यक्ष झाले. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले, आणि त्यानंतर मी त्यांच्या कादंबऱ्या पुन्हा काढून बसलो.

त्यांच्यापैकी 'प्रेषित' मला वाचनीय वाटली. पृथ्वीवर वाढलेला पण पृथ्वीचा नसलेला मुलगा ही कल्पनाच हृद्य आहे. तथापि मनात घर करून राहिली ती 'वामन परत न आला'. ही १९८६ ची कादंबरी. जमिनीत खोलवर खोदकाम चालू असता प्राचीन काळच्या एका अतिप्रगत संस्कृतीने जपून ठेवलेला ठेवा शास्त्रज्ञांच्या हाती लागतो. त्यातील ज्ञानाच्या साहाय्याने ते एक विलक्षण बुद्धिमान यंत्रमानव तयार करतात. त्याचे नाव वामन. या वामनाला एकच गोष्ट हवी असते : आपल्यासारखे आणखी यंत्रमानव निर्माण करण्याची क्षमता. ती प्राचीन संस्कृती कशामुळे लयाला गेली, याचे उत्तर त्याच मागणीत दडलेले आहे. नावाची योजना किती मार्मिक आहे पाहा. पुराणातला बटू तीन पावले भूमी मागतो, आणि मागणी लहान दिसते म्हणूनच बळी ती मान्य करतो.

यंत्रमानवाला 'रोबो' हे नाव ज्या नाटकाने दिले ते कारेल चापेक या चेक लेखकाचे. ते १९२० साली प्रसिद्ध झाले. तो शब्द मूळ चेक भाषेतील वेठबिगारीवाचक शब्दावरून आला आहे, म्हणजे जन्मतःच तो मजुरीशी जोडलेला आहे. चापेकचे यंत्रमानव कारखान्यात तयार होतात, कारखान्यात राबतात आणि अखेर बंड करतात. नारळीकरांचा वामन मात्र प्रयोगशाळेत जन्मतो आणि त्याच्याशी बोलणारे बहुतेक सारे पंडित आहेत. येथेच माझी तक्रार सुरू होते.

ही कादंबरी पुण्यात किंवा मुंबईत वाचणे वेगळे आणि भिलाईत वाचणे वेगळे. २ फेब्रुवारी १९५५ च्या भारत-सोव्हिएत कराराने येथे पोलाद कारखाना ठरला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. आमचे सारे गावच यंत्राच्या पोटी जन्मलेले आहे. येथे सेक्टरांना क्रमांक आहेत, दिवसाचे भाग पाळीने मोजतात, आणि नागपूर-विदर्भाकडून आलेली कित्येक मराठी कुटुंबे तिसऱ्या पिढीत आली आहेत. आजोबा प्लांटमध्ये कायम होते, वडील कायम होते, नातू कंत्राटावर आहे किंवा बंगळुरूस गेला आहे, अशी घरे मी पुष्कळ पाहतो. पोलाद कमी निघते म्हणून हे झालेले नाही. तेच काम थोड्या माणसांत होऊ लागले आहे. अशा गावात वामन वाचताना मानवजात नष्ट होईल काय हा प्रश्न थोडा दूरचा वाटतो. जवळचा प्रश्न असा की वामन कामावर रुजू झाल्यावर पुढच्या महिन्याच्या हजेरीपटावर कोणाचे नाव नसेल? कादंबरीत हा प्रश्न कोणी विचारीत नाही. तेथे वामनाची भीती विद्वानांना वाटते, आणि ती अखिल मानवजातीच्या वतीने वाटते. पाळी संपवून सायकलीवरून घरी जाणाऱ्या एखाद्या मनुष्याला ती वाटली असती तर हीच कथा अधिक खोल गेली असती असे मला वाटते. यंत्रे स्वतः बोलू-लिहू लागल्याच्या आजच्या दिवसांत ही उणीव अधिकच जाणवते, आणि नारळीकरांची दूरदृष्टीही तितकीच जाणवते. जवळजवळ चाळीस वर्षांपूर्वी त्यांनी नेमका प्रश्न हेरला होता.

योगायोग असा की त्याच सुमारास कारखान्यातून निवृत्त झालेल्या एका शेजाऱ्यांच्या कपाटात मला इव्हान येफ्रेमोव्ह यांच्या 'अँड्रोमेडा' या सोव्हिएत कादंबरीची इंग्रजी प्रत मिळाली. १९९१ मध्ये ते राष्ट्र उरले नाही. त्याची जाड पुठ्ठ्याची, स्वस्त पुस्तके भिलाईतील जुन्या घरांत अजून आढळतात. ही कादंबरी १९५७ ची, म्हणजे ज्या वर्षी स्पुटनिक आकाशात गेला त्याच वर्षाची. अतिदूरच्या भविष्यात पृथ्वीवर राष्ट्रे उरलेली नाहीत आणि निरनिराळ्या ताऱ्यांवरील संस्कृती एका महान वलयाने परस्परांशी बोलत आहेत, अशी तिची भूमिका. पात्रे संगमरवरी पुतळ्यांसारखी सुंदर आहेत आणि दुर्दैवाने पुष्कळदा बोलतातही तशीच. प्रेम व्यक्त करतानासुद्धा ती व्याख्यान देतात. परंतु तिच्यातील एक गोष्ट मी विसरू शकत नाही. दार वेतर हा अवकाश-संपर्काच्या अत्यंत जबाबदारीच्या खात्याचा प्रमुख मनाने थकतो, पद सोडतो आणि समुद्राखालच्या टायटॅनियमच्या खाणीत काम करावयास जातो. कोणी त्याला हिणवीत नाही, त्याची पदावनती झाली असेही कोणाला वाटत नाही. माझ्या खात्यात असे घडल्याचे मला आठवत नाही! येफ्रेमोव्हचे भविष्य खरे ठरले नाही. तथापि भविष्यकाळातही कोणाला तरी खाणीत उतरावे लागेल, हे त्याच्या ध्यानात होते.

मग मराठीतील वैज्ञानिक कादंबरीला हे का साधू नये? कारण बरेचसे तिच्या वाढीच्या पद्धतीत आहे. आपल्याकडे हा प्रकार कथास्पर्धेत आणि दिवाळी अंकांत वाढला. दहा-बारा पानांत एक कल्पना मांडावयाची, ती समजावून द्यावयाची आणि शेवटी एक कलाटणी द्यावयाची, हा तिचा व्यायाम झाला. आणि त्यात बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर यांनी खरोखर उत्तम कथा दिल्या. कादंबरीला मात्र कल्पनेखेरीज वस्ती लागते. तिच्यात दुकानदार, परिचारिका, कर्जाचे हप्ते, सासू-सुनांचे वाद, पाणी न येणारा नळ हे सारे लागते. दुसरे कारण असे की विज्ञानाचा प्रसार करावा या सद्हेतूने आपण ही कथा जवळ केली, आणि शिकविण्याची सवय जडली की पात्र प्रश्न विचारते ते उत्तर मिळावे एवढ्यासाठीच. पत्रकार अरुण साधू यांनी 'स्फोट' आणि 'विप्लवा' लिहून राजकारण जाणणाऱ्या लेखणीने या प्रांतात पाऊल टाकले होते. त्या वाटेने पुढे फारसे कोणी गेले नाही, याची मला चुटपुट वाटते.

ज्यांना या वाचनाला आरंभ करावयाचा असेल त्यांनी 'यक्षांची देणगी' या नारळीकरांच्या कथासंग्रहापासून करावा, मग 'वामन परत न आला' घ्यावी, आणि धीर असेल तर येफ्रेमोव्हकडे जावे. माझ्याकडील 'वामन'ची प्रत सध्या त्याच शेजाऱ्यांकडे आहे. झोतभट्टीवर उमेदीची वर्षे काढलेल्या त्या गृहस्थांनी पहिली पन्नास पाने वाचून एवढेच विचारले, की या वामनाला उष्णतेचा त्रास होत होता काय. पुस्तकात याचे उत्तर कोठे आहे ते मी शोधीत आहे.