उच्चार न बदलता

आयरिश रॉक म्हटलं की आपल्याकडे पहिलं नाव निघतं ते यू-टूचं. १५ डिसेंबर २०१९ रोजी नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये या बँडचा भारतातला पहिला कार्यक्रम झाला. १९८७ च्या 'द जोशुआ ट्री' या अल्बमवर बेतलेल्या दौऱ्याचा तो शेवटचा मुक्काम होता. त्या अल्बमचं नाव अमेरिकेच्या वाळवंटातल्या झाडावरून घेतलेलं आणि त्यातल्या गाण्यांचा भूगोलही बराचसा अमेरिकेचाच. डब्लिनमध्ये शाळकरी वयात जमलेल्या चौघांना जग गाठायचं तर आधी डब्लिनबाहेर ऐकू जाईल असा आवाज कमवायला हवा, अशी त्या वाटेची समजूत होती. तिला चूक म्हणता येत नाही, कारण त्या चौघांनी जग खरोखरच गाठलं. त्याच २०१९ च्या एप्रिलमध्ये डब्लिनमधल्या आणखी पाच तरुणांचा पहिला अल्बम आला. बँडचं नाव फॉन्टेन्स डी. सी. आणि अल्बमचं 'डॉगरेल'. यातला गायक ग्रियन चॅटन रस्त्यावर बोलावं तसा, डब्लिनच्या हेलात, कुठलीही सफाई न करता गात होता. जुलै २०२५ मध्ये याच बँडने लंडनच्या फिन्सबरी पार्कात सुमारे ४५ हजार लोकांसमोर गाणी म्हटली. मधल्या सहा वर्षांबद्दल लिहिताना बहुतेक जण सांगतात की हा बँड दर अल्बमला कात टाकत गेला, म्हणून मोठा झाला. मला हे अर्धंच पटतं. त्यांचं संगीत बदललं, पेहराव बदलला, लेबल बदललं, राहतं शहरही बदललं. पण गायकाचा उच्चार आणि आपण आत्ता कुठे उभे आहोत ते सांगण्याची सवय या दोन गोष्टी तशाच राहिल्या. या बँडची चढण त्या दोन गोष्टींवर उभी आहे.

सुरुवात पाहिली तर हे जास्त स्पष्ट होतं. चॅटन, गिटारवादक कार्लोस ओ'कॉनेल आणि कॉनर कर्ली, बेस वाजवणारा कॉनर डीगन आणि ड्रमवादक टॉम कॉल हे पाच जण डब्लिनमधल्या बिम या संगीत महाविद्यालयात भेटले. लिबर्टीज या जुन्या कामगारवस्तीच्या परिसरात त्यांचा वावर असे. त्यांना जोडणारा पहिला धागा कवितेचा होता. गाण्यांच्या आधी त्यांनी मिळून दोन छोटे कवितासंग्रह काढले, एक अमेरिकन बीट कवींच्या प्रभावाखालचा आणि दुसरा आयरिश कवींच्या. बँडचं नाव 'द गॉडफादर'मधल्या जॉनी फॉन्टेन या गायकाच्या पात्रावरून घेतलं. त्याच नावाचा बँड लॉस एंजेलिसमध्ये आधीपासून होता, म्हणून पुढे डब्लिन सिटीची आद्याक्षरं जोडली. गंमत म्हणजे ही आद्याक्षरं मिरवणाऱ्यांपैकी खुद्द शहरात वाढलेला एकही नव्हता. चॅटनचा जन्म इंग्लंडमधल्या बॅरो-इन-फर्नेसचा, आई इंग्लिश, आणि बालपण डब्लिनच्या उत्तरेकडल्या स्केरीज या किनाऱ्यावरच्या गावातलं. डीगन आणि कॉल पश्चिमेकडच्या मेयो परगण्यातले, कर्ली उत्तर सीमेलगतच्या मॉनघनचा, तर ओ'कॉनेल माद्रिदमध्ये जन्मलेला. 'यांचं डब्लिनपण उसनं आहे' असा आक्षेप घेणाऱ्यांच्या हाती हा आयता पुरावा आहे. मला मात्र यात या बँडचं बळ दिसतं. शहरात नव्याने आलेला माणूस गल्ल्यांची नावं, दुकानांच्या पाट्या, टॅक्सीवाल्यांची तोंडं नीट बघतो. तिथेच जन्मलेल्याच्या डोळ्यांना ती सवयीने दिसेनाशी होतात. 'डॉगरेल'मधली गाणी असल्याच तपशिलांनी भरलेली आहेत, त्यातल्या एका गाण्याचं नावच एका डब्लिनी बोळाचं आहे.

हे शहर त्या वेळी कोणत्या अवस्थेत होतं, हेही ध्यानात घ्यायला हवं. २००८ च्या मंदीत आयर्लंडच्या बँका कोसळल्या आणि २०१० मध्ये युरोपीय संघ व आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून ८५ अब्ज युरोंचं कर्ज-पॅकेज घ्यावं लागलं. मग अर्थव्यवस्था सावरली, ती मुख्यतः परदेशी तंत्रज्ञान आणि औषध कंपन्यांच्या जोरावर. घरभाडी तरुणांच्या आवाक्याबाहेर गेली आणि जुन्या जागांवर हॉटेलं उठू लागली. २०२१ मध्ये स्मिथफील्डमधल्या कॉबलस्टोन या पारंपरिक संगीताच्या पबच्या जागेवर हॉटेल येणार म्हटल्यावर लोक रस्त्यावर उतरले आणि महापालिकेने परवानगी नाकारली. पण त्या लढाईच्या आधीची कितीतरी वर्षं शहर मुकाट्याने हातचं जात होतं. 'डॉगरेल' या काळाचा दस्तऐवज आहे. निर्माता डॅन कॅरी याने बँडला एकत्र वाजवायला लावून ध्वनिमुद्रण केलं, त्यामुळे गिटारींची घासाघीस आणि ड्रमचा धपका खोलीत समोर वाजल्यासारखा येतो. चॅटन बऱ्याच ठिकाणी गातच नाही, एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणतो. प्रत्येक फेरीला त्याचा जोर थोडा सरकतो आणि पाचव्या-सहाव्या वेळी त्याच शब्दांत धमकी ऐकू येऊ लागते. शेवटी एकदम पोग्ज या बँडच्या वळणाची एक संथ गाथा येते. अल्बम त्या वर्षीच्या मर्क्युरी पारितोषिकाच्या अंतिम यादीत गेला.

आता आक्षेप. पहिला आक्षेप असा की हे सगळं लाटेचं देणं. २०१८-१९ च्या आसपास ब्रिस्टलचा आयडल्स, लंडनचा शेम, डब्लिनचेच गर्ल बँड आणि द मर्डर कॅपिटल, असे अनेक बँड पोस्ट-पंकच्या खरबरीत सुरात बोलल्यासारखं गात होते. फॉन्टेन्सने आयडल्सच्या आधी मंचावर वाजवून श्रोते मिळवले, हेही खरं. लाट होती यात वाद नाही. पण लाट बँडला किनाऱ्यापर्यंत आणते, पुढचं चालणं त्याचं त्याला करावं लागतं. दुसऱ्या अल्बमच्या वेळी त्यांच्यापुढे सोपा मार्ग होता, 'डॉगरेल'चा दुसरा भाग काढायचा. जुलै २०२० मध्ये आलेला 'अ हीरोज डेथ' संथ, गडद, आपल्यातच बुडालेला निघाला. वर्षभराच्या अखंड दौऱ्यांनी त्यांना इतकं दमवलं होतं की काही कार्यक्रम रद्द करावे लागले होते. गाणीही व्हॅनमध्ये आणि हॉटेलांच्या खोल्यांत दिवस काढणाऱ्या माणसाची झाली, डब्लिन त्यांतून जवळजवळ नाहीसं झालं. मला हा अल्बम त्यांच्या चारांत सर्वांत कमी आवडतो, काही गाणी एकाच जागी रेंगाळतात. पण त्यात खोटेपणा नाही. जिथे आपण आता राहत नाही तिथलं गाणं रचायला त्यांनी नकार दिला, आणि साथीमुळे मंच बंद असतानाही हा अल्बम ब्रिटनच्या यादीत टेलर स्विफ्टच्या 'फोकलोर'पाठोपाठ दुसरा आला. सर्वोत्तम रॉक अल्बमचं ग्रॅमी नामांकनही मिळालं.

यानंतर आला तो माझ्या मते त्यांचा सर्वांत महत्त्वाचा अल्बम, एप्रिल २०२२ मधला 'स्किंटी फिया'. तोवर बँडचा मुक्काम लंडनला हलला होता. आयरिश माणसाने पोटासाठी इंग्लंड गाठणं ही दीडशे-दोनशे वर्षांची जुनी कहाणी. पण तिथे आयरिश असणं म्हणजे रोज काय, हे रॉकमध्ये इतक्या जवळून क्वचित आलं आहे. पहिलंच गाणं घ्या. कॉव्हेंट्रीमध्ये राहून गेलेल्या एका आयरिश बाईंच्या कुटुंबाला त्यांच्या थडग्यावर 'आमच्या हृदयांत कायम' अशा अर्थाचे शब्द आयरिश भाषेत कोरायचे होते. २०२० मध्ये चर्च ऑफ इंग्लंडच्या न्यायाधिकाऱ्याने सांगितलं की सोबत इंग्रजी भाषांतर नसेल तर ते राजकीय विधान समजलं जाऊ शकतं, म्हणून परवानगी नाही. कुटुंबाने अपील केलं आणि २०२१ मध्ये निर्णय फिरला. बँडने ते थडग्यावरचेच शब्द गाण्याचं नाव केले. प्रार्थनेसारखा समूहस्वर तेच शब्द म्हणत राहतो, त्याखाली बेस जड पावलांनी चालतो, आणि चॅटन मध्ये शिरेपर्यंत ऐकणाऱ्याला गुदमरायला होतं. सहा मिनिटांच्या या रचनेत घोषणा एकही नाही. नकार मिळालेले शब्द पुन्हा पुन्हा म्हणणं एवढाच त्यांचा प्रतिवाद. पुढे एका गाण्यात फक्त अकॉर्डियन आणि आवाज आहे. आणखी एकात, देश सोडून यश मिळवल्याची बोच बाळगणारा मुलगा देशाला प्रेमपत्र लिहायला बसतो आणि ते पत्र आरोपपत्र होत जातं. त्यात आयर्लंडच्या दोन जुन्या सत्ताधारी पक्षांची नावं घेऊन झाडाझडती आहे. ट्यूम गावच्या माता-बाल आश्रमात मेलेल्या मुलांचं सावटही त्या गाण्यावर आहे. कॅथरीन कॉर्लेस या स्थानिक इतिहास-अभ्यासक बाईंनी चिकाटीने नोंदी काढून अशा ७९६ मुलांची माहिती उजेडात आणली होती. इतका आयरिश, इतका दुखऱ्या जागी बोट ठेवणारा अल्बम ब्रिटनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला. 'बाहेरच्यांना समजेल असं लिहा' या जुन्या सल्ल्याला यापेक्षा ठोस उत्तर मला माहीत नाही.

दुसरा आक्षेप संस्थांचा. पार्टिझन रेकॉर्ड्स हे लेबल बाहेरचं, डॅन कॅरीचा स्टुडिओ लंडनचा, पारितोषिकं आणि याद्याही तिथल्याच. मग हा आयर्लंडचा उदय की लंडनने केलेली निवड? या आक्षेपात तथ्य आहे आणि ते झाकू नये. पन्नास लाखांच्या आसपास वस्तीच्या देशात एवढ्या मोठ्या बँडला पुरेल अशी बाजारपेठ नाही, तेव्हा बाहेर पडणं भाग होतं. पण बाहेर पडण्याची किंमत म्हणून आवाज गुळगुळीत करण्याची जी अट पूर्वी गृहीत धरली जाई, ती त्यांनी पाळली नाही. त्यांच्याआधी पोग्ज आणि क्रॅनबेरीजच्या डोलोरेस ओ'रिऑर्डन यांनीही ती मोडली होती, हे श्रेय त्यांना द्यायलाच हवं.

तिसरा आक्षेप खरा कठीण आहे. ऑगस्ट २०२४ मधला 'रोमान्स' त्यांचा सर्वांत लोकप्रिय अल्बम, आणि त्यात आयर्लंड सर्वांत कमी. लेबल नवं, एक्सएल रेकॉर्ड्स. निर्माता नवा, जेम्स फोर्ड. केस रंगवलेले, कपडे भडक, सूर पॉपच्या जवळ जाणारा. म्हणजे मातीचं नाव काढणं सोडलं तेव्हाच मैदानं भरली, मग या लेखातलं म्हणणं कोसळत नाही का? मला वाटतं, नाही. 'स्टारबर्स्टर' हे यातलं सर्वांत आधी प्रसिद्ध झालेलं गाणं चॅटनला लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनात आलेल्या घबराटीच्या झटक्यातून निघालं. त्याच्या ध्रुवपदात ओळींच्या मध्ये तो मोठ्याने, खरखरत श्वास आत ओढतो. तो श्वास वाद्यासारखा तालात बसवला आहे आणि तोच गाण्याचा ठसा बनला आहे. यात डब्लिनची एकही गल्ली नाही. पण आपण आत्ता नेमके कुठे आहोत, शरीराला काय होतंय, ते न लपवता मांडण्याची रीत 'डॉगरेल'चीच आहे. आणि शब्द आले की ते त्याच हेलात, त्याच चपट्या स्वरांत येतात. शिवाय फिन्सबरी पार्कात जमलेले हजारो लोक काही एका अल्बमवर आले नव्हते. आधीच्या तीन अल्बमांनी कमावलेला विश्वास तिथे हजर होता. त्याच दिवशी त्याच मंचावर बेलफास्टचे नीकॅपही होते. हे रॅप गाणारे तरुण आयरिश भाषेत गातात, आणि २०२३ मध्ये चॅटनने त्यांच्या एका गाण्यात आवाज दिला होता. लंडनच्या एका उद्यानात एवढ्या गर्दीने आयरिश भाषेतलं गाणं ऐकावं, हे दहा वर्षांपूर्वी कुणाला खरं वाटलं नसतं. याचं सगळं श्रेय एका बँडला देणं अन्यायाचं होईल, पण त्यात त्यांचा वाटा मोठा आहे.

ज्यांनी हा बँड ऐकलेला नाही त्यांना एवढंच सांगणं आहे की सुरुवात गाजलेल्या 'रोमान्स'पासून करू नका. 'डॉगरेल' लावा, मग उरलेले तीन अल्बम निघाले त्या क्रमाने ऐका, आणि 'स्किंटी फिया'चं पहिलं गाणं मध्येच न थांबवता पूर्ण ऐका.