सवलत टिकवणारा बल्ब

धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर दारिद्र्यरेषेखालील घराला महावितरणचा सवलतीचा दर मिळतो. त्याची एक अट बहुतेकांच्या लक्षात राहत नाही: वर्षात ३६० युनिटपेक्षा जास्त वीज वापरायची नाही. मर्यादा ओलांडली की साधा घरगुती दर लागतो, आणि गेलेली सवलत परत मिळत नाही.

६० वॅटचा पिवळा बल्ब रोज ५ तास जळला तर वर्षाला सुमारे ११० युनिट होतात. असे तीन बल्ब असले की पंख्याला काही उरतच नाही! ९ वॅटचा एलईडी तेवढ्याच वेळात साधारण १६ युनिट घेतो, उजेडही कमी पडत नाही.

यंदा नाताळच्या भेटीत मिठाईसोबत दोन एलईडी ठेवावेत. बिलावरचे युनिट दरमहा वहीत लिहिण्याचे काम शाळकरी मुलांकडे द्यावे.